वर्कशॉप मॅन्युअल वाचून गाडीचं काम घरी करावं का?

निळासॉकेट

गाडीसोबत मिळते ती मालकाची पुस्तिका. टायरमधली हवा, फ्यूजची जागा, ऑइलचा ग्रेड एवढ्यावर ती संपते. कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल ही वेगळी चीज आहे. कुठला बोल्ट आधी सोडायचा, किती जोराने, म्हणजे किती न्यूटन-मीटरला, आवळायचा, कुठला वॉशर पुन्हा वापरायचा नाही, हे सगळं त्यात असतं आणि आता ते नेटवर वाचायला मिळतं. माझं मत असं की ज्याच्याकडे आपल्या गाडीचं मॅन्युअल आणि बरा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) आहे, त्याने ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, कुलंट आणि पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड ही कामं घरीच करावीत. व्हिडिओ पाहून करू नयेत. व्हिडिओतला माणूस आकडा सांगत नाही, "टाइट करा" म्हणतो.

होंडाच्या २००८ ते २०१३ च्या सिटीतलं १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन घ्या. फिल्टरसकट ऑइल लागतं ३.६ लिटर. आपल्याकडे चार लिटरचा डबा आणून अख्खा रिकामा करण्याची सवय आहे. इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट ३९ न्यूटन-मीटर, आणि त्याचा १४ मिमीचा ॲल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा. चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. लांब पान्याने जोर लावला की आटे बोल्टचे जात नाहीत, चेंबरचे जातात, आणि मग पंधरावीस रुपयांच्या वॉशरपायी चेंबर बदलायची वेळ येते. फिल्टरच्या रबरी रिंगला नवं ऑइल लावायचं, हाताने फिरवून रिंग टेकली की पुढे पाऊण फेरा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी चालू केल्याबरोबर प्रेशरने त्यातली एक बाहेर येते आणि मिनिटाभरात ऑइल जमिनीवर असतं.

यात अवघड काय आहे, ते कुणी सांगावं.

वाकडफिटर

ऑइल-फिल्टरपुरतं मान्य. पॅड तुम्ही त्याच यादीत घातलेत, तिथे माझा ठाम विरोध.

वर्कशॉप मॅन्युअल शिकलेल्या फिटरसाठी लिहिलेलं असतं. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरबद्दल "पिस्टन आत ढकला" एवढं एक वाक्य. त्याआधी मास्टर सिलिंडरच्या डबीतलं ब्रेक ऑइल किती वर आहे हे बघायचं, नाहीतर पिस्टन मागे गेला की ते उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग खातं. कॅलिपर उतरवला की तो होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. हे फिटरच्या हाताला माहीत असतं म्हणून मॅन्युअल त्यावर फार शब्द खर्च करत नाही.

आता टॉर्क. अनेक होंडा गाड्यांत कॅलिपरच्या पिनचा बोल्ट साधारण २३ न्यूटन-मीटरचा, आणि त्याच्या वीतभर अंतरावर ब्रॅकेटचा बोल्ट १०८ चा. दोन्ही एकाच पानावर, एकाच चित्रात. नवखा माणूस बाण चुकीचा वाचतो आणि पिनचा बोल्ट १०८ ला आवळायला जातो. बोल्ट तुटला तर नशीब म्हणायचं, कारण ते निदान दिसतं. अर्धवट ताणलेला बोल्ट दिसत नाही.

शिवाय लोक एकच रेंच घेतात, ४० ते २१० चा, कारण चाकाच्या नटला तो चालतो. त्यावर २३ लावताच येत नाही. मग "अंदाजे" लावतात. क्लिकवाल्या रेंचचा भरवसा त्याच्या पट्टीच्या खालच्या टोकाला सगळ्यात कमी असतो, हेही कुणी सांगत नाही.

आणि मॅन्युअल गृहीत धरतं की गाडी लिफ्टवर आहे. आपण असतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर, स्टेपनी बदलायचा जॅक लावून. तो जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालणंसुद्धा चूक.

न्यूजर्सीकर

वाकडफिटर, जॅकबद्दल एक शब्दही वाद नाही. सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडकणीचे ठोकळे, आणि दारांखालच्या सिलवरच्या खुणेच्या जागी जॅक स्टँड. हे नसेल तर चाक काढूच नये.

पण "मॅन्युअल फिटरसाठी असतं" हे अर्धंच खरं. लोक थेट कामाच्या पानावर उडी मारतात, त्याआधीची पानं वाचत नाहीत. सगळं तिथेच असतं: लागणारी खास हत्यारं, पुन्हा न वापरायचे भाग, धोक्याच्या सूचना. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये चित्रातल्या भागाशेजारी काळा ठिपका असतो, त्याचा अर्थ हा भाग पुन्हा वापरू नका. एअरबॅगजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून टोयोटा ९० सेकंद थांबायला सांगते, होंडा तीन मिनिटं. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढल्यावर टोयोटा निदान दहा मिनिटं थांबवते, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधला विजेचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. हे आकडे कानोकानी मिळत नाहीत.

इकडे अमेरिकेत हा मजकूर मालकाला उघडपणे मिळतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०१४ मध्ये कंपन्यांनी करार करून तीच सोय देशभर मान्य केली. टोयोटाच्या साइटवर दोन दिवसांची वर्गणी भरता येते. युरोपात २०१८ च्या ८५८ क्रमांकाच्या नियमानुसार तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या हिशेबाने माहिती द्यावी लागते. फोक्सवॅगनच्या साइटवर एका तासाचाही प्रवेश विकत मिळतो. कामाची यादी आधी करा, वर्गणी भरा, आणि आपल्या चेसिस नंबरला लागू असलेली पानं उतरवून घ्या.

सिंहगडरोड

हे सगळं अमेरिकेत ठीक. पुण्यात "ऑनलाइन मॅन्युअल" म्हणून लोकांच्या फोनमध्ये काय फिरतं? कुणीतरी स्कॅन केलेली परदेशी मॉडेलची पीडीएफ. मूळ मुद्दा हा आहे, आणि निळासॉकेट त्याला बगल देत आहेत.

नाव तेच, गाडी वेगळी. तुमचीच सिटी घ्या. आपल्याकडे २००८ ते २०१३ च्या पिढीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पाच गिअरचा, २०१४ पासूनच्या पिढीत सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला पट्टा-पुलीचा. पहिल्याला डीडब्ल्यू-१ ऑइल, दुसऱ्याला एचसीएफ-२. दोन्ही होंडाचीच, डबे सारखे दिसतात. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा पोलादी पुलीवर दाबून ताकद पुढे जाते. त्या घर्षणासाठी त्याचं ऑइल खास बनवलेलं असतं. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल घातलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि मग ऑइल पुन्हा बदलूनही फरक पडत नाही. वर्ष न बघता पीडीएफ उघडणारा माणूस इथेच फसतो.

एककांचा घोळ वेगळाच. होंडा एकाच ओळीत तीन आकडे छापते: ३९ न्यूटन-मीटर, ४.० किलोग्रॅमफोर्स-मीटर, २९ फूट-पाउंड. अमेरिकी पीडीएफमधला २९ उचलून न्यूटन-मीटरच्या रेंचवर लावला तर बोल्ट ढिला राहतो. उलट केलं, ३९ हा आकडा फूट-पाउंडच्या रेंचवर लावला, तर जवळजवळ ५३ न्यूटन-मीटर होतात. गेले आटे.

निळासॉकेट

सिंहगडरोड, चेसिस नंबरशी न जुळणारं मॅन्युअल वापरू नये. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. पीडीएफच्या पहिल्या पानावर मॉडेल वर्ष, इंजिन कोड आणि देश असतो. तिन्ही जुळल्याशिवाय पुढचं पान उलटू नये. फूट-पाउंडला १.३५६ ने गुणलं की न्यूटन-मीटर, किलोग्रॅमफोर्स-मीटरला ९.८ ने.

पण याचा निष्कर्ष "म्हणून गॅरेजला द्या" असा का काढता? मॅन्युअल न उघडता काम करणारी गॅरेजं कमी आहेत का? थ्रॉटल बॉडी साफ करताना बॅटरी काढली की होंडाला आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्याचा वेग) पुन्हा शिकवावं लागतं: एसी, दिवे सगळं बंद, इंजिन ३००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत, मग ॲक्सिलरेटर सोडून पाच मिनिटं आयडल. हा टप्पा गाळला की गाडी सिग्नलला डचमळते आणि गिऱ्हाइकाला "सेन्सर गेला" असं ऐकवलं जातं. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलतात. मॅन्युअलचा तक्ता मात्र इनटेकची हवागळती, हवेचा सेन्सर, पेट्रोलचं प्रेशर हेही तपासायला सांगतो. कोडचा अर्थ मिश्रण पातळ आहे एवढाच. सेन्सर तर फक्त तसं कळवतोय.

ग्राहकहक्क

एक गोष्ट राहिली. आपल्याकडे मॅन्युअल सहज का मिळत नाही? २५ ऑगस्ट २०१४ ला स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजपासून अडवून ठेवल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही त्या आदेशात आहे. दंडावर पुढे अपिलं झाली. ग्राहक मंत्रालयाचं दुरुस्ती-हक्काचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये आलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. तरी आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल इथल्या साध्या मालकाला सहज मिळत नाही. परदेशी पीडीएफ फिरतात त्या यामुळेच. दोष वाचणाऱ्याला देऊन उपयोग नाही.

आणि पाना हातात धरायचा नसला तरी मॅन्युअल वाचावं. बिलात ३.६ लिटरच्या इंजिनाला साडेचार लिटर ऑइल लावलं असेल तर विचारता येतं. घरी काम केलंत तर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि भागांची बिलं जपून ठेवा. वॉरंटीचा वाद निघाला तर तीच कामी येतात. आणि काढलेलं ऑइल गटारात नको. कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून अशा गॅरेजला द्या जिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

वाकडफिटर

बिल तपासायला वाचा, हजारदा वाचा. ब्रेकचं माझं म्हणणं बदललेलं नाही, पण लोक करणारच आहेत तर नीट लिहितो.

मागच्या चाकाला डिस्क आणि हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत न्यावा लागतो; सी-क्लॅम्पने दाबला की आतला स्क्रू मोडतो. हँडब्रेक बटनाचा असेल तर आधी गाडी मेंटेनन्स मोडमध्ये घ्यायची, नाहीतर मोटरचे गिअर जातात. पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचा क्रम "लांबचं चाक आधी" असा सरसकट धरू नका. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये सुरुवात पुढच्या चाकापासून असते. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती बऱ्याचदा निघत नाही, आणि तो स्कॅनर घरी नसतो. ब्रेक ऑइलची उघडी राहिलेली बाटली वापरू नका. डॉट-४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. ताम्हिणी घाट उतरताना तो फरक पेडलला कळतो.

निळासॉकेट

एबीएसचं पटलं. हवा काढणं माझ्या यादीत नव्हतंच. ब्रेक ऑइल बदलणंही घरच्या कामांत धरू नये. पुढचे पॅड मात्र यादीत राहतील, दोन रेंच असतील तर: एक ५ ते २५ चा, एक ४० ते २१० चा.

वाकडफिटर

मग त्या यादीत शेवटची ओळ ही घाला. पॅड बसवून चाकं लावल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दोनतीन दाबांना पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही. पार्किंगच्या उतारावर गाडी मागे घेताना हे आठवून चालत नाही. मग डबीतली पातळी बघायची, आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर, समोरासमोरच्या क्रमाने, होंडा सिटीत १०८ ला.