अनुभव धागा : पहिल्यांदा त्या तळघरात उतरलात तेव्हाचं सांगा

परवा भाच्यानं 'डायब्लो ४' हा व्हिडिओ गेम लावला आणि म्हणाला, "मामा, बसा की जरा शेजारी." खुर्ची ओढून बसलो. कुठल्याशा तळघरात तो शिरला आणि समोरून कसाई धावत आला. पहिल्या डायब्लोतला तोच जुना कसाई नावाचा राक्षस. खेळत होता भाचा, पण घाम माझ्या तळहाताला.

म्हणून हा धागा. डायब्लो, टॉर्चलाइट, पाथ ऑफ एक्झाइल, असला तळघरात उतरून राक्षस मारायचा कुठलाही खेळ खेळला असाल तर फक्त पहिल्या बैठकीचं लिहा. पुढं कुठली तलवार मिळाली ते नंतर कधीतरी. पहिल्या तासात काय दिसलं, काय ऐकू आलं, शेजारी कोण होतं, एवढंच हवंय.

माझं आधी सांगतो. दिवाळीची सुट्टी, साल २०००, कोल्हापुरात शिवाजी पेठेत आत्याचं घर. आत्येभावाकडं पहिला डायब्लो होता. खेळ आला १९९६च्या अखेरीस, आमच्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली. ट्रिस्ट्रम नावाचं ओसाड गाव, मागं गिटारची ती उदास धून. ती अजून कानात आहे. चर्चच्या खाली सोळा मजले. आम्ही वॉरियर घेतला. गडी पळतच नाही, चालतो. त्याच्याभोवती उजेडाचं एक वर्तुळ आणि त्याच्यापलीकडं मिट्ट काळोख. चर्चबाहेर एक जखमी माणूस मरता मरता सांगतो की कसायानं आमची सगळी माणसं मारली. आम्हाला इंग्रजी अर्धंच कळलं, पण त्याच्या आवाजावरून बाकीचं समजलं.

दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं. आतली खोली नुसती रक्तानं माखलेली. आणि कसाई अंगावर धावून आला. पट्ट्यातल्या जीव भरून काढणाऱ्या लाल बाटल्या होत्या नव्हत्या तेवढ्या प्यालो आणि तरी मेलो. आत्या आतून ओरडली, "काय झालं रे?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

आत्येभावानं चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं पहिल्या दोन मजल्यांचा नकाशा काढला होता. जिना कुठं, दारं किती, कसायाच्या खोलीवर फुली. ती वही घेऊन आम्ही मंगळवार पेठेत मित्राकडं गेलो, त्याच्याकडंही खेळ होता. उतरलो तर जिना भलतीकडंच, खोल्याही वेगळ्या. हा खेळ नव्या डावाला मजले नव्यानं रचतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या क्षणी मी या प्रकाराच्या प्रेमात पडलो. आता लिहा तुम्ही.

राजारामपुरीतून

माझा डायब्लो २. नेट कॅफेत, २००३ साली, कॉलेज बुडवून. नेक्रोमॅन्सर घेतला कारण त्याच्या कांडीनं मेलेल्या राक्षसाचा सांगाडा उठतो आणि आपल्या बाजूनं लढतो. पहिला सांगाडा उठला तेव्हा आजूबाजूच्या मशीनवरची पोरं उठून मागं उभी राहिली. पहिलीच गुहा, डेन ऑफ इव्हिल. तिथल्या छोट्या लाल राक्षसांतला एक मारला की बाकीचे पळतात आणि त्यांचा शामन, म्हणजे मांत्रिक, मेलेल्यांना परत उठवतो. मी मारतोय, तो उठवतोय, असं दहा मिनिटं चाललं. मागनं एक जण म्हणाला, "भावा, आधी त्या मागच्या शामनला हाण की!" बास, तिथनं खेळ कळायला लागला.

शेवटचे पाच राक्षस उरले की आकडा दिसतो. चार, तीन, दोन. शेवटचा एक कोपऱ्यात लपलेला, तो सापडेना आणि माझे पैसे संपत आलेले. सापडला, मारला, आणि अख्ख्या गुहेत वरून उजेड उतरला. तसलं काही मी त्याआधी कुठल्याच खेळात बघितलं नव्हतं. बक्षीस म्हणून मिळाला फक्त एक स्किल पॉइंट, म्हणजे एखादं कौशल्य वाढवायचा गुण, पण तो कुठं घालायचा यावर आम्ही चहाच्या गाड्यावर तासभर वाद घातला.

कॅरेक्टर त्या मशीनच्या हार्ड डिस्कवरच राहायचं. पंधरा दिवसांनी कॅफेवाल्यानं मशीन फॉरमॅट केलं. माझा नेक्रोमॅन्सर गेला. अजून वाईट वाटतं.

विद्यापीठाजवळच्या हॉस्टेलवरून (तेव्हा)

पाथ ऑफ एक्झाइल, २०१४. फुकट होता म्हणून घेतला, रात्रभर डाउनलोडला लावून झोपलो आम्ही दोघी. सकाळी उघडला तर समुद्रकिनारा, वाहून आलेली प्रेतं आणि अंगावर फाटके कपडे. मी विच, म्हणजे चेटकीण घेतली. किनाऱ्याच्या शेवटी हिलॉक नावाचा धिप्पाड राक्षस स्वतःच्या अंगातनं तलवार उपसून काढतो. मी माउस सोडून दिला. मैत्रीण अस्सल कोल्हापुरी, म्हणाली, "सर बाजूला, मी मारतो त्याला." आणि मारलंन.

पण खरा धक्का नंतर बसला. पॅसिव्ह स्किलचं झाड, म्हणजे आपल्या पात्राची ताकद निवडायचा नकाशा, उघडला आणि तेराशेच्या वर ठिपके. झूम आउट करत गेले, संपेचना. तेव्हा गावात सोन्याची नाणीही चालत नव्हती, व्यवहार सगळा स्क्रोल आणि ऑर्ब या जादूच्या वस्तूंवर. मी आवडतील ते ठिपके घेत सुटले, थोडी वीज, थोडी आग, थोडे सांगाडे. पुढं त्या विचचा काही निभाव लागला नाही. नव्यांना मनापासून सांगते, एकच धंदा धरा आणि झाडात आयुष्य वाढवणारे ठिपके आधी घ्या.

उद्यमनगरातून

मला नाही आवडला. दोन तास नुसतं क्लिक, आणि पिशवीत चिलखत मावत नाही म्हणून सारखं गावात परत. मित्र म्हणतात अजून थोडा खेळ. मन लागलं नाही, खोटं का सांगू.

कसबा बावड्यातून

मी निवृत्त शिक्षक. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मुलानं प्लेस्टेशनवर डायब्लो ३ लावून माझ्या हातात कंट्रोलर दिला. एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतं, पण एकमेकांना सोडून लांब जाता येत नाही. मी बार्बेरियन, तो विझार्ड. मी भिंतीला धडकत होतो आणि तो न चिडता थांबत होता. त्याला सायकल शिकवताना मी एवढा थांबलो नव्हतो.

कॅथेड्रलच्या खाली उतरलो तेव्हा पन्हाळ्याची अंधारबाव आठवली. दरवर्षी सहलीला मुलं न्यायचो. तीन मजली बांधकाम, वळणाचा अरुंद जिना. कितीही गलका करणारा वर्ग असू दे, त्या वळणावर आपोआप गप्प व्हायचा. गप्प बसा म्हणावं लागायचं नाही. टीव्हीसमोर आम्ही दोघे तसेच गप्प झालो. मग मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, डावीकडं बघा."

परत मी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. गुरुजी, तुमचं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलंय, आज सुरू करायचं तर कुठनं? माझं मत, 'डायब्लो २ रिझरेक्टेड', २०२१चा. कॉम्प्युटरवर खेळताना 'G' हे बटण दाबलं की चित्र २००० सालचं होतं, परत दाबलं की नवं. डेन ऑफ इव्हिल दोन्ही रूपांत बघा, दिवे घालवून.

भाचा आज रात्री परत येतोय. डायब्लो ४ मध्ये कसाई कुठल्या तळघरात गाठेल याचा नेम नाही, म्हणून त्याला बाटल्या राखून ठेवायला सांगितलंय. ती चौकटीची वही आत्येभावाकडं अजून आहे, तीही आणायला सांगितली आहे.