‘मूनकेक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
एका चिनी कथेचा इंग्रजीवरून अनुवाद करते आहे. आजी शहरातल्या नातवाला फोनवर विचारते, ‘झोंगक्यूला घरी येशील ना?’ आणि पुढे दोन पानं मूनकेकचंच, म्हणजे त्या सणाच्या गोल, सारण भरलेल्या पदार्थाचंच वर्णन. पहिल्या खर्ड्यात मी सणाला ‘चिनी कोजागरी’ आणि पदार्थाला ‘चंद्रकेक’ लिहिलंय, पण कानाला बरं वाटत नाही. काय करावं?

प्रतिसाद:
आधी सणाचं बघू. रोमन स्पेलिंगमुळे ‘झोंगक्यू’ झालं असावं. मूळ उच्चार ‘चोंगछिउ’च्या जवळ जातो. चोंग म्हणजे मध्य, छिउ म्हणजे शरद. चिनी पंचांगात सातवा, आठवा आणि नववा हे महिने शरदाचे. त्यातल्या मधल्या महिन्याचा मधला दिवस, म्हणजे आठव्याची पौर्णिमा. ‘कोजागरी’ आली ‘को जागर्ति’ या लक्ष्मीच्या प्रश्नावरून, तिच्यात जागरण आहे. चोंगछिउचा जीव घरी परतण्यात आहे. त्याचं दुसरं नावच ‘थुआनयुआन’चा सण. थुआनयुआन म्हणजे ताटातूट झालेल्यांनी पुन्हा एकत्र येणं, आणि त्यातला ‘युआन’ म्हणजे गोल. चंद्र गोल, पदार्थ गोल, माणसंही टेबलाभोवती गोल बसलेली. (चलनातले युआन, येन आणि वॉन हे तिन्ही शब्द याच ‘गोल’वरून आलेत, गोल नाण्यावरून.) तुमच्या आजीच्या प्रश्नात हे सगळं आहे. ‘कोजागरीला येशील ना?’ असं लिहिलं की मराठी वाचकाला गच्ची आणि मसाला दूध दिसणार.

शिवाय तिथीही बहुतेक वर्षी जुळत नाही. चिनी वर्षाचा पहिला महिना साधारण आपला माघ धरून बोटांवर मोजा, आठवा भाद्रपद येतो. २०२४ साली १७ सप्टेंबरला आपल्याकडे गणपती विसर्जनाला निघाले होते, त्याच रात्री तिकडे चोंगछिउ होता. २०२५ मध्ये त्यांच्याकडे सहावा महिना अधिक आला, सण पुढे सरकला आणि ६ ऑक्टोबरला नेमका कोजागरीच्या दिवशी आला. असा योग अधूनमधून येतो, म्हणून काही नाव उसनं घेता येत नाही. ‘चोंगछिउ’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘शरदातली पौर्णिमा’ एवढं वाक्यात गुंफा.

आता पदार्थ. चिनी शब्द ‘युएपिंग’. रोमनमध्ये बी लिहितात, पण तो उच्चार आपल्या ‘प’चा. युए म्हणजे चंद्र आणि महिनासुद्धा. आपल्या ‘चंद्रमा’तला ‘मास’ही तसाच दोन्ही अर्थांचा. ‘पिंग’ म्हणजे पिठाचा चपटा, बहुधा गोल पदार्थ. तव्यावरचा चिएनपिंग आणि भट्टीतला तीळ लावलेला शाओपिंग ही त्याच घरातली भावंडं. यात केक कुठेच नाही. ‘केक’ वाचलं की फुगलेलं, मऊ, वर क्रीम असलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, म्हणून ‘चंद्रकेक’ काढाच.

मी सिंगापूरला होतो तेव्हा शेजारच्या आजींनी घरी बोलावून एक कापून दाखवला होता. पत्र्याच्या डब्यात चार. तळहातात मावेल एवढा, पण हाताला चांगलाच जड. वरचं कवच पातळ, तपकिरी, तेलाने चकाकणारं, आणि त्यावर साच्यात उठवलेली चार अक्षरं. आजींनी बोट ठेवून वाचली: दोन, पिवळं, कमळ, लगदा. म्हणजे आत काय आहे ते कवचावरच लिहिलेलं! सुरी मधून घातली तेव्हा गडद, गुळगुळीत सारण आणि त्यात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचे दोन केशरी बलक निघाले. तोच चंद्र. अष्टमांश फोड, सोबत बिनसाखरेचा चहा. गोडात तो खारट, रवाळ बलक आला की मी पुढचा घोट घ्यायला विसरायचो.

म्हणून ‘फिलिंग’ लिहू नका, ‘सारण’ लिहा. करंजीपासून मोदकापर्यंत आपण तोच शब्द वापरतो. आणि ‘मोल्ड’ नको, ‘साचा’. तिकडचा पारंपरिक साचा लाकडी, मुठीचा. पीठ दाबायचं, कड ओट्यावर आपटायची, पदार्थ सुटून बाहेर येतो. कथा दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बाजूची असेल तर कमळबियांचं सारण येईल. त्याला ‘मखाण्याचं सारण’ म्हणू नका, मखाणा वेगळ्याच पाणवनस्पतीचा. पूजेच्या दुकानात माळेत ओवलेले काळे कमळगट्टे मिळतात ना, त्यांच्या आतला पांढरा गर तो हा. सुचौ-शांघायकडची कथा असेल तर कवच पापुद्र्यांचं आणि आत डुकराचं मांसही असू शकतं. तिथे सरसकट ‘मिठाई’ लिहिलंत तर फसाल.

प्रश्न:
खूप उपयोग झाला. पण मग ‘चंद्रपोळी’ का नको? पिंगचा पसारा तुम्ही सांगितलात तो अगदी ‘पोळी’सारखाच आहे. साधी पोळी, पुरणपोळी, गुळपोळी.

प्रतिसाद:
अर्थाच्या दृष्टीने तुमचं बरोबर आहे, आणि मलाही हा शब्द मनापासून आवडला. अडचण चित्राची आहे. पोळी म्हटली की ती तव्यावर फुगते, वर तूप पडतं आणि ती दुमडता येते. युएपिंग ओव्हनमध्ये भाजलेला, बोटभर जाड, दुमडायचा प्रश्नच नाही. माझं मत असं: निवेदनात ‘मूनकेक’ चालू द्या, तो शब्द आता मराठी बातम्यांतून ओळखीचा झालाय. आजीच्या तोंडी मात्र ‘युएपिंग’च हवा. ती मूनकेक म्हणणार नाही.

प्रश्न:
शेवटचं एक. नातू चंद्राकडे बघतो आणि त्याला ‘जेड रॅबिट’ दिसतो. ‘पाचूचा ससा’ आणि खाली टीप, असं केलंय.

प्रतिसाद:
पाचू वेगळं रत्न आहे, आणि वाचकाला हिरवा ससा दिसेल! चिनीत ‘यू-थू’. यू म्हणजे जेड हा मौल्यवान दगड खरं, पण त्यात शुभ्र, स्निग्ध चमकही येते. हा ससा पांढराच, चंद्रावरच्या छांग-अ देवीच्या सोबतीला राहणारा आणि उखळात औषध कुटणारा. २०१३ साली चंद्रावर उतरलेल्या चिनी बग्गीचं नावही हेच. टीप तर मुळीच नको. ज्या भाषेत चंद्राला शशांक म्हणतात, तिच्या वाचकाला चंद्रावरचा ससा समजावून सांगायचा नसतो. ‘त्याला चंद्रावरचा शुभ्र ससा दिसला’ एवढंच लिहा.