गोड वाइन आणि नवशिके

'गोड वाइन नवशिक्यांची, जाणकार कोरडीच (म्हणजे गोड नसलेली) पितात' असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत 'प्रमिए क्रू सुपेरियर' (श्रेष्ठ पहिली श्रेणी) हा मान एकट्या शातो दिकेमला मिळाला, आणि ती बोर्दोतल्याच सोतेर्न भागातली गोड वाइन आहे. तिथे बॉट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि आत साखरेबरोबर आम्लही एकवटतं. सगळी गंमत त्या आम्लात. ते नसेल तर नुसता पाक!

मी काही कोर्स वगैरे केलेला नाही. पेशाने हिशेबनीस, मित्रांच्या नादाने चाखत गेलो आणि लेबलं वाचायची खोड लागली. सुरुवात जाड, ओकच्या पिंपात मुरलेल्या रेडपासून झाली, आता त्या एका ग्लासपुढे जात नाहीत. सगळ्यात आवडती म्हणजे जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग (एका पांढऱ्या द्राक्षाची वाइन), काबिनेट म्हणजे तिथल्या हलक्या दर्जाची. अल्कोहोल बहुधा ८-९ टक्के, किंचित गोड, पण इतकी तरतरीत की गोडवा जिभेवर रेंगाळतच नाही. त्याखालोखाल टोकाय असू, हंगेरीची, त्याच बुरशीच्या द्राक्षांची गोड वाइन. तिच्यात नियमानुसार लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असते, तरी चिकट वाटत नाही. कोरड्यातली शाब्ली, फ्रान्सची पांढरी वाइन, तीही आवडते, भांडण नाही.