६९ गोल करूनही हार्ट ट्रॉफी नाही, हे योग्य होतं का?

धागाकर्ता:
उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, २०२३-२४ मोसमात टोरंटो मेपल लीफ्सच्या ऑस्टन मॅथ्यूजने ६९ गोल केले. १९९५-९६ मध्ये मारियो लेम्यूने ६९ केले होते, त्यानंतर इथपर्यंत कुणीच पोहोचलं नव्हतं. त्या मोसमात दुसऱ्या क्रमांकावरच्या सॅम राइनहार्टचे गोल होते ५७. तरी हार्ट ट्रॉफी, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार, गेली कोलोरॅडोच्या नेथन मॅकिननकडे, आणि मॅथ्यूज अंतिम तिघांतसुद्धा नाही! मला हे आजही खटकतं. हॉकीत गोलला एक गुण आणि असिस्टलाही (गोल होण्याआधीच्या पासला) एकच, शिवाय एका गोलमागे दोघांना असिस्ट मिळू शकतो. गोलरक्षकाला चकवून पक (खेळातली चकती) जाळ्यात मारणं सगळ्यांत अवघड, मग त्याचा भाव पासइतकाच का? बरं, मॅथ्यूज नुसता गोलपुढे टपून बसत नाही. उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डला (आक्रमक खेळाडूला) सेल्की ट्रॉफी मिळते, तिच्या अंतिम तिघांत तो त्याच वर्षी होता.

प्रतिसाद:
अजिबात पटलं नाही. सर्वाधिक गोलांसाठी रॉकेट रिचर्ड ट्रॉफी आहे आणि ती त्याला मिळाली. हार्ट दिली जाते आपल्या संघासाठी सर्वांत मोलाच्या खेळाडूला. मॅकिननचे ५१ गोल, ८९ असिस्ट, एकूण १४० गुण. मॅथ्यूजचे १०७. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सलग ३५ सामन्यांत मॅकिननने गुण मिळवला. यापेक्षा सातत्य कुठून आणायचं?

धागाकर्ता:
संघासाठी मोल म्हणताय ना? मग मॅकिननच्या सोबतीला कोण होतं तेही बघा. रॅन्टानेन १०४ गुण, मकार ९०. २०१८ मध्ये टेलर हॉलला हार्ट मिळाली तेव्हा त्याचे गुण ९३ होते आणि त्याच्या न्यू जर्सी संघात त्याच्याखालोखाल ५२. संघ एकट्याने ओढणं म्हणतात ते हे.

प्रतिसाद:
मग हीच फूटपट्टी मॅथ्यूजलाही लावा. त्याच्या संघात नायलँडर ९८, मार्नर ८५! हॉलचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. आणि नुसत्या गुणांवर हार्ट मिळत असती तर टॅम्पा बेच्या १४४ गुणांच्या कुचेरोव्हला मिळाली असती.

आणखी एक प्रतिसाद:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. गोल करणाऱ्यावर असा अन्याय याआधीही झालाय. २००२ मध्ये कॅलगरीचा जरोम इगिन्ला ५२ गोल आणि ९६ गुण, दोन्हींत लीगमध्ये पहिला. मतांत बरोबरी झाली, पण पहिल्या पसंतीची मतं जास्त म्हणून हार्ट गोलरक्षक जोझे थिओडोरला. खेळाडूंनी स्वतः मतदान करून दिलेला पिअरसन पुरस्कार मात्र इगिन्लालाच. हार्टची मतं पत्रकार देतात. बर्फावर समोर उभं राहणाऱ्यांना जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद:
त्याच पुरस्काराचं आताचं नाव टेड लिंडसे. २०२४ मध्ये खेळाडूंनी तो कुणाला दिला? मॅकिननला.

धागाकर्ता:
मॅकिननचं एकवेळ सोडून देतो. पण अंतिम तिघांतली तिसरी जागा एडमंटनच्या मॅकडेव्हिडला कशी? त्याचे गोल ३२, म्हणजे मॅथ्यूजच्या निम्म्याहूनही कमी.

प्रतिसाद:
आणि असिस्ट १००, तेही ७६ सामन्यांत. मोसमाच्या सुरुवातीला एडमंटन तळाशी होतं, कोचही बदलावा लागला. त्याच संघाने पुढे सलग १६ सामने जिंकले. त्यात मॅकडेव्हिडचा वाटा कमी धरणार का?