१९९० मध्ये तगलेली नेपाळची राजेशाही २००६ नंतर का टिकली नाही?

गोरेगावकर

आमच्या सोसायटीत नेपाळच्या अछाम जिल्ह्यातील एक गृहस्थ बरीच वर्षे रखवालदार होते. आम्ही सारे त्यांना दाजू म्हणत असू. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता स्वतःच्या हाती घेतली, त्या दिवशी दाजू स्टेशनजवळच्या पीसीओवर धनगढीतील भावाला फोन लावत संध्याकाळपर्यंत उभे होते. फोन लागणे शक्यच नव्हते, कारण राजाने देशभरातील दूरध्वनी बंद केले होते. पुढे सव्वा वर्षात त्याच राजाला लोकांनी नमवले आणि २००८ मध्ये गादीच नाहीशी झाली.

माझा प्रश्न असा आहे. १९९० मध्येही नेपाळमध्ये मोठे जनआंदोलन झाले होते, त्यातही माणसे गोळीबारात मेली होती आणि राजे वीरेंद्र यांना माघार घ्यावी लागली होती. तरीही तेव्हा राजघराणे राहिले. मग सोळा वर्षांत असे काय बदलले? आपल्याकडे या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दादरकर

माझ्या मते १ जून २००१ चे राजवाड्यातील हत्याकांड हेच मूळ कारण आहे. राजाला विष्णूचा अवतार मानणाऱ्या प्रजेने एका रात्रीत राजा, राणी, युवराज आणि घराण्यातील इतर माणसे गमावली. युवराज दीपेंद्र यांनी गोळ्या झाडल्या, हा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष पुष्कळ लोकांना कधीच पटला नाही आणि संशयाच्या छायेतच वीरेंद्र यांचे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले. श्रद्धा गेली की सिंहासन उरते ते केवळ लाकडाचे.

जुनी बखर

दादरकरांचे म्हणणे खरे आहे, पण ते अपुरे आहे. हत्याकांडाने राजघराण्याविषयीची माया आटली, हे मान्य. मात्र त्यानंतरही जवळजवळ चार वर्षे प्रमुख पक्ष राजाला हटवण्याची भाषा बोलत नव्हते. ते ती बोलू लागले यामागचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे १९९० च्या तडजोडीतच दडलेले आहे.

थोडे मागे जावे लागेल. १९५९ च्या निवडणुकीतून बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले आणि डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी त्यांना तुरुंगात टाकून पक्षांवर बंदी आणली. त्यानंतरची तीस वर्षे पक्षविरहित पंचायत व्यवस्थेची, म्हणजे पक्षांना मज्जाव आणि खरी सत्ता राजाकडे. मार्च १९८९ मध्ये भारताबरोबरचा व्यापार व पारगमन करार संपला, सीमेवरील बहुतेक नाकी बंद झाली, रॉकेलपासून मिठापर्यंत टंचाई झाली आणि साठलेला असंतोष रस्त्यावर आला. नेपाळी काँग्रेसचे नेते गणेशमान सिंह यांच्या नेतृत्वाखाली तो पक्ष आणि डावे पक्ष फेब्रुवारी १९९० मध्ये एकत्र आले, ६ एप्रिलला दरबार मार्गावर गोळीबार झाला आणि ८ एप्रिलच्या रात्री वीरेंद्र यांनी पक्षांवरील बंदी उठवली. आंदोलन तिथेच थांबले, कारण त्याची मागणीच तेवढी होती.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जी राज्यघटना आली, तिने सार्वभौमत्व लोकांकडे असल्याचे म्हटले खरे, पण दोन गोष्टी प्रत्यक्षात राजाकडे राहू दिल्या. एक म्हणजे सैन्य, ज्याचे नावच शाही नेपाळी सेना होते. दुसरी म्हणजे घटनेतील अडचणी दूर करण्यासाठी आदेश काढण्याचा, कलम १२७ मधील अधिकार. वीरेंद्र यांच्या हाती या दोन्ही गोष्टी बहुतांशी म्यानात राहिल्या. ज्ञानेंद्र यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये याच कलमाचा आधार घेऊन पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांना पदावरून काढले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये उरलेला पडदाही फाडला. पक्षांचे नेते स्थानबद्ध झाले, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक बसले. घटनात्मक राजाची कल्पना जे लोक मनापासून मानत होते, त्यांनाच राजाने तुरुंगात टाकले. मग ती कल्पना मांडायला मागे कोण राहणार? मला हा साऱ्या घटनाक्रमातील निर्णायक क्षण वाटतो.

दुसरी बाजू माओवाद्यांची. १३ फेब्रुवारी १९९६ पासून रोल्पा, रुकुम भागांत सुरू झालेल्या त्यांच्या सशस्त्र लढ्याने दहा वर्षांत तेरा हजारांहून अधिक बळी घेतले होते, आणि यात सरकारी फौजांनी मारलेले गावकरीही आले. संसदेतील पक्ष आणि माओवादी हे एकमेकांचे वैरी होते. राजाने दोघांनाही शत्रू ठरवल्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत सात पक्षांची आघाडी व माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला. पक्षांनी संविधान सभेची मागणी स्वीकारली, माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली. १९९० मध्ये गावे या आंदोलनापासून बरीचशी दूर होती. या वेळी ती पहिल्यापासून त्यात होती.

माझगावची वाचक

एप्रिल २००६ मध्ये कंपनीच्या कामासाठी मी काठमांडूत होते आणि संपामुळे तिथेच अडकले, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले थोडे लिहिते.

६ एप्रिलला चार दिवसांचा सार्वत्रिक संप म्हणून जे सुरू झाले, ते एकोणीस दिवस चालले. शहरात संचारबंदी होती, परंतु तिची हद्द प्रामुख्याने रिंग रोडच्या आत असल्यामुळे लोक रोज त्या रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला, कलंकी आणि गोंगबू यांसारख्या ठिकाणी जमत आणि आत शिरण्याचा प्रयत्न करीत. हॉटेलच्या गच्चीवरून टायरांचा धूर दिसे आणि रात्री घराघरांतून थाळ्या वाजवल्याचा आवाज येई. भाजी नव्हती, गॅस नव्हता, आणि तरीही आमच्या हॉटेलातील स्वयंपाकी दुपारी काम आटोपून मोर्चाला जात होता. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्यामागोमाग सरकारी नोकर उतरले. खुद्द गृह मंत्रालयातील कर्मचाऱ्यांना घोषणा दिल्याबद्दल अटक झाल्याचे कळले, तेव्हा हॉटेलातील सगळेजण गप्प झाले. ज्या खात्याने संचारबंदी लावायची, तेच खाते फुटले होते.

२१ एप्रिलला राजाने दूरदर्शनवरून कार्यकारी सत्ता परत करण्याची आणि पक्षांनी पंतप्रधानाचे नाव सुचवण्याची घोषणा केली. भारताने तिचे लगेच स्वागत केले. रस्त्यावरच्या लोकांनी मात्र ती झिडकारली आणि दुसऱ्या दिवशी पक्षांनाही ती नाकारावी लागली. नेते मागे आणि लोक पुढे, असे मी आयुष्यात तेव्हाच पाहिले. २५ एप्रिलला सबंध रिंग रोडला वेढा घालायचे ठरले होते. आदल्या रात्री उशिरा राजाने विसर्जित संसद पुन्हा बोलावली आणि सकाळी त्याच रस्त्यांवर गुलाल उधळला गेला.

गोरेगावकर

बखरकर, माझगावकर ताई, आपले मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. राजा एप्रिल २००६ मध्ये नमला, पण प्रजासत्ताक मे २००८ मध्ये घोषित झाले. मधल्या दोन वर्षांत त्याला परतीची वाट उरली होती का?

जुनी बखर

माझ्या मते फारशी नाही, कारण सैन्य त्याच्या हातून लगेच गेले. १८ मे २००६ च्या घोषणेने पुनःस्थापित संसदेने सैन्य स्वतःच्या अखत्यारीत आणले, त्याच्या नावातील ‘शाही’ काढले आणि नेपाळ हिंदू राष्ट्र न राहता धर्मनिरपेक्ष झाले. १९९० मध्ये जी गाठ सोडवायची राहिली होती, ती या वेळी पहिल्याच महिन्यात सोडवली गेली. तेव्हाचे पंतप्रधान, नेपाळी काँग्रेसचे गिरिजाप्रसाद कोइराला स्वतः राजेशाही औपचारिक रूपात का होईना ठेवण्याच्या बाजूने काही काळ बोलत होते, पण त्यांच्याच पक्षात तो विचार टिकला नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वंकष शांतता करार झाला, १० एप्रिल २००८ च्या निवडणुकीत माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले आणि २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. ११ जूनला ज्ञानेंद्र मुकुट आणि राजदंड सरकारच्या स्वाधीन करून नारायणहिटी राजवाड्यातून बाहेर पडले. दोनशे चाळीस वर्षांचे घराणे गेले, पण त्याच्यावर वैयक्तिक सूड उगवला गेला नाही, याचे श्रेय मी दोन्ही बाजूंना देतो.

गोरेगावकर

आता दाजूंचे एक वाक्य मला उलगडले. २००८ च्या मार्चमध्ये मतदानासाठी गावी जायला रजा मागताना ते म्हणाले होते, ‘साहेब, नव्वदमध्ये आमच्या गावाला कळलेसुद्धा नव्हते.’ तेव्हा मी त्याकडे लक्षच दिले नव्हते.