मॉरिशसला बीच सोडून इतिहासाचं काय बघावं?

समुद्रवेडी:
जूनमध्ये आईबाबांना घेऊन मॉरिशसला चाललोय, हॉटेल उत्तरेला ग्रँड बेला आहे. एजंटच्या प्लॅनमध्ये नुसते बीच, बोटिंग आणि शॉपिंग. बाबांना इतिहासाची भारी आवड, त्यांना डच-फ्रेंच-इंग्रज काळातलं बघायचंय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको. कोणी जाऊन आलंय का?

रानवारा:
पोर्ट लुईचा आप्रवासी घाट अजिबात चुकवू नका ताई. गुलामी बंद केल्यावर इंग्रजांना उसाच्या मळ्यांवर माणसं हवी होती, म्हणून १८३४ पासून भारतातून करारावर मजूर नेले, जवळजवळ पाच लाख लोक या धक्क्यावर उतरले आणि त्यात आपल्या रत्नागिरीकडचेही बरेच होते. बोटीतून उतरून ज्या १६ दगडी पायऱ्या चढून ते आत यायचे त्या अजून आहेत, मला तिथून पाय निघेना. जागा छोटी आहे, पण बाबांना निवांत बघू द्या, घाई करू नका. तिथल्या मराठी घरांत अजूनही गणपती बसतो, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते!!

गलबत:
+१. जवळच ब्लू पेनी म्युझियम आहे, १८४७ ची दोन दुर्मीळ टपाल तिकिटं तिथे आहेत. खरी तिकिटं खराब होऊ नयेत म्हणून तासातून थोडाच वेळ दिवा लावून दाखवतात, तेव्हा आत शिरतानाच वेळ विचारून घ्या. परत ग्रँड बेला जाताना पाम्प्लमूस लागतं, तिथे फ्रेंच काळातली बाग आणि बाजूलाच जुन्या कारखान्यात केलेलं साखरेचं म्युझियम, बाग सपाट आहे, काकूंना जमेल.

रानवारा:
हो, आणि ल मॉर्न राहिलंच. पळून गेलेले गुलाम त्या डोंगरावर लपून राहायचे. वर चढायची गरज नाही, पायथ्याशी स्मारक आहे तेवढं बघा.

माडबन:
माझं मत विचाराल तर माएबूर्ग पण धरा. १८१० च्या ऑगस्टमध्ये इथल्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना हरवलं, पण डिसेंबरपर्यंत बेट इंग्रजांकडे गेलंच. लढाईत जखमी झालेल्या दोन्हीकडच्या कप्तानांवर एकाच घरात उपचार झाले होते, त्याच घरात आता म्युझियम आहे. विमानतळ तिथून अगदी जवळ, त्यामुळे परतीची फ्लाइट संध्याकाळची असेल तर सामान गाडीत टाकूनच सकाळी तिकडे निघा, वेगळी चक्कर पडत नाही.

समुद्रवेडी:
खूप आभार सगळ्यांचे! फ्लाइट रात्रीची आहे, म्हणजे माएबूर्ग नक्की. एजंटला आजच फोन करून एक बोटिंग कमी करते आणि तो दिवस पोर्ट लुईला देते.