रिमोटचं बटण दाबलं की काहीच होत नाही, पुन्हा दाबलं की दोन स्लाइड उडतात

खडूची_पूड:
मी संख्याशास्त्र शिकवते. बावीस वर्षं खडू-फळा, आता पायऱ्यापायऱ्यांचा मोठा हॉल आणि हातात वायरलेस रिमोट. पोडियमपाशी उभी राहिले तर बटण दर वेळी लागतं. पण मला एका जागी उभं राहून शिकवता येत नाही, मी मागे जाते. चौथ्या रांगेच्या पुढे गेलं की त्याचं नखरे करणं सुरू.

काल काय झालं बघा. संभाव्यतेचा एक प्रश्न होता, उत्तर वाटतं त्याच्या बरोबर उलटं. तो दाखवायचा, पाच मिनिटं मुलांना भांडू द्यायचं, मग उत्तर, असा बेत. सातव्या रांगेतून बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं. प्रश्न क्षणभर दिसला आणि लगेच उत्तर पडद्यावर! दीडशे पोरं हसली, मीही हसले, पण तासाचा जीवच गेला.

सेल नवे आहेत. कॉम्प्युटर पोडियमखालच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो, डोंगल, म्हणजे रिमोटचा निरोप पकडणारा तो छोटासा यूएसबी तुकडा, त्याच्या मागच्या बाजूला लावलंय. नवीन रिमोट मागवू का?

तारांचा_गुंता:
मॅडम, थांबा, रिमोट बदलू नका. दोष तुम्हीच शेवटून दुसऱ्या वाक्यात लिहिलाय. लोखंडी कपाट!

हॉलची यंत्रणा सांभाळणं हे माझं रोजचं काम. हे रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि बंद लोखंडी पेटीतून त्या लहरी फटीफटीतूनच काय त्या आत जातात. त्यात डोंगल मागे, म्हणजे मध्ये कॉम्प्युटरचाही पत्रा. शिवाय मागच्या पोर्टच्या आत निळी पट्टी आहे का बघा. असली तर तो बहुधा यूएसबी ३चा असतो, आणि त्याचा गोंगाट नेमका २.४च्या आसपासच पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. शेजारी हार्ड डिस्क लावलेली असली तर बघायलाच नको.

उपाय एकच: एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर. डोंगल कपाटातून काढून पोडियमवर वर्गाच्या दिशेने चिकटवा. आणि चालताना रिमोट पाठीमागे धरू नका. आपल्या शरीरात पाणीच पाणी, ते या लहरी पिऊन टाकतं. पडद्याकडे पाठ करून छातीशी रिमोट धरला तरी तेच.

दोन स्लाइड उडतात त्याचं कारण बऱ्याचदा असं, की पहिलं दाबणं वाया गेलेलं नसतं, उशिरा पोचलेलं असतं. पोच मिळेपर्यंत रिमोट तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा दाबतो, आणि दोन्ही एकदम जाऊन पोचतात.

मागचा_बाक:
वर सांगितलंय ते बरोबरच आहे, पण त्याआधी एक खात्री करा. कॉम्प्युटरच्या लेखी तुमचा रिमोट म्हणजे साधा कीबोर्ड. पुढचं बटण म्हणजे पेज डाउन, बस्स. अपडेटची एखादी खिडकी वर आली की ते बटण त्या खिडकीला जातं आणि स्लाइड ढिम्म राहते. मी एकदा पाऊण तास रिमोटला शिव्या घातल्या होत्या, दोष त्या खिडकीचा निघाला.

तेव्हा शंभरेक पानांची फाइल उघडा, एका पडद्यात एक पान असं ठेवा. प्रत्येक रांगेतून वीस वेळा दाबा, पान किती सरकलं ते दुसऱ्या कुणालातरी मोजायला सांगा. वीसला वीस आले तर लहरींचा काही संबंध नाही.

बाकी उत्तर फुटू नये म्हणून माझी जुनी युक्ती: प्रश्नाची स्लाइड दोनदा ठेवायची, हुबेहूब. एक उडाली तरी पडद्यावर प्रश्नच.

तारांचा_गुंता:
युक्ती झकास, पण मग उत्तराच्या वेळी एकदा दाबून काहीच झालं नाहीसं वाटणार, आणि मॅडम पुन्हा मला विचारणार :)

खडूची_पूड:
हाहा, विचारणारच. उद्या मोजून सांगते. लगे हाथ अजून एक: शेजारच्या वर्गात मोठा एलईडी पॅनेल आहे, तिथे लेझरचा ठिपका दिसतच नाही. हिरव्या लेझरचा घेऊ का?

मागचा_बाक:
तिथे हिरवाही फारसा कामाचा नाही. साध्या पडद्यावर हिरवा उजवा ठरतो हे खरं: तो ५३२ नॅनोमीटरचा, लाल ६५०च्या आसपास, आणि डोळा ५५५च्या जवळ सर्वांत तल्लख. पण पडदा आलेला प्रकाश परत फेकतो म्हणून ठिपका दिसतो. पॅनेल स्वतःच उजळलेलं, वर काच. शिवाय स्क्रीन रेकॉर्ड करत असाल तर ठिपका त्यात कधीच येणार नाही, तो कॉम्प्युटरमधून जातच नाही ना. पॉवरपॉइंटमध्ये कंट्रोल आणि एल दाबा, माउसचाच लाल ठिपका होतो. त्यासाठी पोडियमपाशी यावं लागेल, हे तुम्हाला रुचणार नाही.

खडूची_पूड:
मोजलं. डोंगल कपाटात असताना सातव्या रांगेतून वीसपैकी अकरा. वायर लावून डोंगल वर आणल्यावर वीसपैकी वीस. शेवटच्या, चौदाव्या रांगेतून अठरा, तेही हात वर केल्यावर. मागे निळी पट्टी होतीच.

प्रश्नाची स्लाइड तरीही दोनदा ठेवली आहे. आज उत्तराच्या वेळी एकदा दाबलं, काही हललं नाही, आणि हात सवयीने सेल काढायला गेला.